अडीच किलोचे दोन किलो का झाले?

प्रश्न : इंदूरच्या एका नमकीन व्यापाऱ्याचं घाऊक मागण्यांचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे. मागणी जेसनमध्ये (माहिती मजकुराच्या रूपात पाठवायचा साचा) येते, सर्व्हर जावा भाषेतला, जेसन वाचायला जॅक्सन ही जावाची लायब्ररी. अडीच किलो शेव मागवली की बिलात दोन किलो येते, पाव किलो तर शून्यच. एरर कुठेच दिसत नाही. जेसन तपासला, तो बरोबर आहे.
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : जेसन बरोबरच आहे, आणि गोम तिथेच आहे. जेसनच्या व्याकरणात पूर्णांक वेगळा, दशांश वेगळा असं नाही. 'संख्या' हा एकच प्रकार. त्यामुळे २, २.० आणि २.५ तिन्ही त्याला सारखेच चालतात. तुमच्या क्लासमध्ये, म्हणजे मागणी साठवणाऱ्या जावाच्या रचनेत, वजन 'इंट' (फक्त पूर्णांक ठेवणारा प्रकार) आहे आणि जॅक्सनचं 'ॲक्सेप्ट फ्लोट ॲज इंट' हे सेटिंग मुळातच चालू असतं. म्हणून २.५ चा अपूर्णांक गुपचूप छाटला जातो. जवळच्या आकड्यालाही नेला जात नाही.

हे सेटिंग आधी बंद करा. मग २.५ आला की एरर येईल, पण २.० लाही येईल, कारण जॅक्सन किंमत पाहत नाही, टिंब पाहतो. जेसन स्कीमा (जेसनची रचना तपासायचे नियम) मात्र सहाव्या मसुद्यापासून २.० ला पूर्णांक मानतो. दोन्ही वापरत असाल तर स्कीमातून पास झालेली मागणी पुढे अडकेल. पाठवणाऱ्याला नियम आधीच लिहून द्या.

वजनासाठी आमचा स्पष्ट सल्ला : ग्रॅममध्ये पूर्णांक घ्या, २५००. किलोच हवे असतील तर 'बिगडेसिमल' (दशांश नेमका ठेवणारा जावाचा प्रकार) ठेवा आणि दशांशानंतर तीनपेक्षा जास्त अंक आले तर मागणी परत पाठवा. पैशाला 'डबल' (दशांश बहुधा अंदाजेच ठेवणारा प्रकार) कधीच नको. १९.९९ ला १०० ने गुणलं की डबलमध्ये १९९८.९९९९९९९९९९९९८ येतं, ते इंटमध्ये टाकलं की एक पैसा गेला.

शून्य येण्याची आणखी एक वाट आहे. जॅक्सनच्या दुसऱ्या मालिकेत (२.x आवृत्त्यांत) साध्या 'इंट'मध्ये नल, म्हणजे 'किंमतच नाही', आला तर शून्य भरला जातो. 'फेल ऑन नल फॉर प्रिमिटिव्ह्ज' हे सेटिंग चालू केलं तरी मागणीत ते फील्ड (वजनाचा रकाना) मुळातच नसेल तर शून्य राहतोच. म्हणून 'इंट'ऐवजी नल ठेवू शकणारा 'इंटिजर' घ्या आणि नल स्वतः तपासा. अवतरणातला "२" सुद्धा जॅक्सन मुकाट्याने आकडा करून घेतो. ते नको असेल तर 'अलाऊ कोअर्शन ऑफ स्केलर्स' बंद करा.

चाचणीत २, २.०, २.५, "२", −१, नल आणि फील्डच नसलेली मागणी, एवढं पाठवून पाहाच.

प्रश्न : मागणीचा सोळा अंकी क्रमांक ब्राउझरमध्ये शेवटच्या अंकात बदलतो.
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ब्राउझरच्या जावास्क्रिप्ट भाषेतला साधा आकडा डबल असतो, ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे प्रत्येक पूर्णांक त्यात नेमका बसत नाही. ९००७१९९२५४७४०९९३ पाठवा, ९००७१९९२५४७४०९९२ मिळेल. जावास्क्रिप्टची 'इज सेफ इंटिजर' ही तपासणी हे पकडते, पण जेसन वाचून (पार्स) झाल्यावर, तोवर मूळ अंक गेलेला असतो. क्रमांक सर्व्हरवरूनच अवतरणात पाठवा. खाते क्रमांकही तसाच, सुरुवातीचं शून्य जेसनच्या संख्येत चालतच नाही.