नवीन .२२ रायफल आलीये, ५० मीटर प्रोनच्या (पोटावर झोपून मारायच्या) सरावासाठी आधी काय सेट करायचं?

आधी साइटला (नेम धरायच्या भागाला) हातच लावू नका. बरेच जण रायफल आली की लगेच साइटचे क्लिक (नेम थोडाथोडा सरकवणारे टप्पे) फिरवत बसतात आणि नंतर बट प्लेट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) हलवली की सगळं परत बिघडतं. प्रोनमध्ये झोपा, स्लिंग (रायफलला आधार देणारा हाताचा पट्टा) लावा, बट प्लेट खांद्यात नीट बसली पाहिजे आणि मान न ताणता गाल चीक पीसवर टेकला की डोळा बरोबर मागच्या साइटच्या भोकासमोर यायला हवा, यात चार दिवस गेले तरी जाऊ द्या. मग डोळे मिटा, श्वास सोडा, उघडा. टार्गेट बाजूला दिसलं तर रायफल हाताने ओढायची नाही, कोपर जागेवर ठेवून अख्खं शरीर सरकवायचं. मग पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप मारा आणि ग्रुपच्या मध्यावरून क्लिक द्या, एका गोळीवरून नाही. दहाची रिंग फक्त १०.४ मिमीची असते, त्यामुळे गोळ्यांचे लॉट (एका वेळी बनलेल्या बॅच) पण तपासा, एकाच ब्रँडचे दोन लॉट एकाच बॅरलमधून वेगवेगळे पसरतात. थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून, करणार असाल (आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं तोच प्रकार) तर तिन्ही पोझिशनची सेटिंग्ज वहीत लिहून ठेवा. आणि हो, मॅन्युअलमध्ये चालतं म्हटलं असेल तरच रिकाम्या चेंबरवर (गोळी बसते ती जागा) ट्रिगर दाबा, .२२ सारख्या रिमफायरची (गोळीच्या कडेवर मार बसणारी) पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटू शकते.