लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आई-वडिलांना कुठे न्यावे: मुंबईचे ताजमहाल पॅलेस की उदयपूरचे ताज लेक पॅलेस?

नाशिकहून दोनच रात्रींसाठी आणि गुडघेदुखी असलेल्या आईंना घेऊन जायचे असेल, तर मुंबईचे ताजमहाल पॅलेस निवडावे. नाशिकमध्ये सहली आखून देण्याच्या व्यवसायामुळे मी दोन्ही ठिकाणी राहून पाहिले आहे. उदयपूरचे हॉटेल म्हणजे महाराणा जगतसिंह दुसरे यांनी अठराव्या शतकात पिछोला तलावातील बेटावर बांधलेला जगनिवास महाल; तिथे ये-जा नावेनेच होते आणि धक्क्यावरून हलत्या नावेत पाऊल टाकताना ज्येष्ठांना दर वेळी हाताचा आधार द्यावा लागतो. मुंबईत मात्र गाडी थेट दाराशी थांबते. खोली १९०३ सालच्या मूळ इमारतीतलीच आणि समुद्राकडची हवी, हे आरक्षणाच्या वेळीच स्पष्ट सांगावे, कारण शेजारचा टॉवर ही १९७०च्या दशकातली जोड इमारत असून तिथल्या खोल्यांना जुन्या वास्तूचा बाज नाही. हा फरक पाहुण्यांच्या फार उशिरा लक्षात येतो. आईंना नावेत चढणे-उतरणे जमणार असेल आणि हाताशी चार दिवस असतील, तर मात्र मी निःशंकपणे उदयपूरच सुचवेन, तेही पावसाळा संपल्यावर, तलाव भरलेला असताना.