बारावीनंतर धावायचंय, तर कॉलेज कोणतं?

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. निकाल लागायच्या आत दोन कॉलेजांचे फोन आले, म्हणजे जिल्ह्यात तुझं नाव झालंय. एक कॉलेज फी माफ करतंय, हॉस्टेल देतंय, वर स्पाइक्सही (ट्रॅकवर पळायचे खिळ्यांचे बूट). दुसरं नुसतं "या, बघू" म्हणालं. घरच्यांचा ओढा पहिल्याकडे असणार आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

तरी फॉर्म भरायच्या आधी एक कर. दोन्हीकडे पहाटे सहाच्या आत, कुणाला न सांगता, ग्राउंडवर जाऊन उभी राहा. कोच स्वतः येतात का? की वर्कआउट व्हॉट्सअॅपवर टाकून मोकळे होतात? तुझ्या पेसला पळणारी निदान एक तरी मुलगी आहे का? आणि मुख्य म्हणजे टीवायच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या मुली अजून पळतायत का? एफवायला, पहिल्याच वर्षी, युनिव्हर्सिटी गाजवलेली आणि टीवायला ग्राउंडवर न फिरकणारी मुलगी बऱ्याच कॉलेजांत सापडते. ती का थांबली हे तिलाच विचार, सरांना नको. ऑफिसबाहेरच्या कपाटातल्या ट्रॉफ्या बघशील तेव्हा त्यांच्यावरची सालंही वाच.

अॅडमिशन रेग्युलरच घे. बाहेरून परीक्षा देईन आणि दिवसभर सराव करीन, हा हिशेब इथे चालत नाही. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला पूर्णवेळ विद्यार्थीच लागतो आणि वयाची मर्यादा २५ आहे. पदवी आणि पुढे एम.ए. धरलं तर तुझ्याकडे पाच सीझन आहेत. आधी आंतरमहाविद्यालयीन, तिथून विद्यापीठाच्या संघाची निवड, मग अखिल भारतीय. राज्यातल्या विद्यापीठांचा अश्वमेध क्रीडा महोत्सव वेगळा, आणि २०२० पासून खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्सही आहेत.

पाच सीझन म्हणतेय ते उगाच नाही. आत्तापर्यंत तू शालेय स्पर्धेत ३००० मीटर पळालीस, ट्रॅकच्या साडेसात फेऱ्या. विद्यापीठात तुझ्या जातकुळीच्या शर्यती म्हणजे ५०००, १०,०००, क्रॉसकंट्री. १०,००० म्हणजे पंचवीस फेऱ्या, आणि त्या पळायला पाय एका वर्षात तयार होत नाहीत. नाशिकची संजीवनी जाधव २०१७ साली तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटरचं रौप्य घेऊन आली, तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, स्टीपलचेसकडे (अडथळ्यांवरून आणि पाण्यावरून उड्या मारत पळायची शर्यत) वळला तो २०१७ च्या सुमारास, आणि बर्मिंगहॅमचं राष्ट्रकुल रौप्य मिळालं २०२२ मध्ये. माणमधल्या मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली येऊन मग स्टीपलचेसला आली आणि २०१६ ला रिओच्या फायनलमध्ये दहावी. सतराव्या वर्षी यांपैकी कुणाची शर्यत ठरलेली नव्हती. तुझीही ठरली असं मी धरत नाही.

आता बक्षिसाच्या पाकिटांबद्दल. हे तू विचारलं नाहीस, पण तुझे फोटो मला दिसतात. दिवाळीनंतर आपल्याकडे दर रविवारी कुठे ना कुठे 'मॅरेथॉन' असते, खरं तर पाच नाहीतर दहा किलोमीटरची. पहाटे जीप भरून पोरं निघतात, डांबरावर पळतात, स्टेजवर नगरसेवकाच्या हातून पाकीट घेतात आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या तालुक्यात उभी. पाच हजारांत घरचं काय काय भागतं हे मला माहीत आहे, त्यामुळे "पळूच नकोस" असं मी म्हणणार नाही. पण विद्यापीठाचा सीझन त्याच महिन्यांत येतो. शनिवारी आराम, रविवारी शर्यत, सोमवार-मंगळवार पाय जड. मग आठवड्यात खरा सराव उरतो कुठे? अशी मुलगी निवड चाचणीला येते ती दमूनच. टायमिंग तिथल्या तिथे राहतं आणि पुढच्या वर्षी पाकीटही तिच्याहून ताजी मुलगी नेते. म्हणून घरी बसून हिशेब मांड: वर्षाला किती पैसे खरोखर लागतात? तेवढ्यापुरत्या, जास्त बक्षिसाच्या मोजक्या शर्यती निवड. त्याही सीझन संपल्यावर. फी माफी मिळत असेल तर तिचा खरा फायदा हाच, की तेवढे रविवार वाचतात.

नडगी दुखते म्हणालीस. बूट काढून, आतल्या कडेने, हाडावर अंगठा दाबत घोट्यापासून वर जा. पट्टाभर ठणकत असेल तर पळणं कमी कर, मऊ जमिनीवर पळ. नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, एका पायावर उडी मारवत नसेल, तर त्याच दिवशी थांब आणि हाडाच्या डॉक्टरांकडे जा. स्प्रे मारून पळायचं नाही.

रक्त तपासताना हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही सांग, त्यात लोहाचा साठा कळतो. हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि लोहाचा साठा तळाला गेलेला असतो, असं पळणाऱ्या मुलींमध्ये खूप आढळतं. जेवणावर लगेच चहा घेतेस, तो तासभर पुढे ढकल, आणि भाजीवर लिंबू पिळ. गोळ्या मात्र डॉक्टरांनी दिल्या तरच. पाळी दोन-तीन महिने आली नाही तर "सराव चांगला चाललाय" असं मैत्रिणी म्हणतील. ऐकू नकोस. खाणं कमी पडतंय, आणि त्याची किंमत हाडं मोजतात. पुरुष कोचना सांगायला अवघड वाटलं तर मला रात्री फोन कर.

सर्टिफिकेटं मूळ प्रतींसह एका फाइलीत ठेव, लॅमिनेशन करू नकोस. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी पुढे पडताळणी होते, तेव्हा कागद शोधत फिरायला नको.

पुढच्या आठवड्यात दोन्ही ग्राउंडं बघून ये. कोण आलं होतं, कोण नव्हतं, टीवायच्या मुली काय म्हणाल्या, सगळं लिहून पाठव. बाबांशी मी नंतर बोलते.

तुझी,
मॅडम