वजन न करताच मुलाला औषध दिलं, हे कसं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार वर्षांच्या भाच्याला फिट आली, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे काट्यावर न ठेवताच "तेरा किलो धरा" म्हणाले आणि नाकात औषध सोडलं. हा हलगर्जीपणा का?

अजिबात नाही. फिट चालू असलेलं मूल काट्यावर धरायचं कसं? आधी औषध, वजन नंतर. बरीच वर्षं इमर्जन्सीत सिस्टर म्हणून काम करतेय, त्या अनुभवावरून सांगते, तेरा म्हणणाऱ्याने पोराकडे नीट बघितलं होतं.

नुसतं सूत्र लावलं असतं तर १६ आले असते. वयात ४ मिळवायचे आणि दुप्पट करायची, हे सगळ्यांना पाठ असतं. पण मेळघाट किंवा मोखाड्याकडचं चार वर्षांचं पोर बारा-तेरा किलोचं निघालं तर आम्हाला नवल वाटत नाही. नाकातलं मिडॅझोलाम किलोमागे ०.२ मिग्रॅ, म्हणजे १६ ला ३.२ आणि १३ ला २.६. सलाईन किलोमागे २० मिली धरलं तर ३२० आणि २६०. धडधाकट मुलाला हा फरक पचतो, कुपोषित मुलाला जड जाऊ शकतो.

मोठ्या हॉस्पिटलात रंगीत पट्ट्यांची ब्रोसलो टेप असते. अमेरिकेतल्या जेम्स ब्रोसलो या डॉक्टरांनी ती १९८० च्या दशकात काढली. मूल आडवं असतानाच टेपचं लाल टोक डोक्याशी लावायचं आणि टाचेपर्यंत मोजायचं (पायाची बोटं धरायची नाहीत, नवीन मुली तिथेच चुकतात). टाच ज्या रंगावर येईल त्यात वजन आणि डोस छापलेले असतात, डोकं चालवावं लागत नाही. पण ती तिकडच्या मुलांवर बेतलेली. भारतीय मुलांवर, विशेषतः १० किलोच्या पुढे, ती वजन जास्त दाखवते असं इथल्या अभ्यासांत दिसलंय. शिवाय उंची खुंटलेलं मूल टेपला कळतं, पण उंची बरोबर असून सुकलेलं कळत नाही. म्हणून काही ठिकाणी उंचीच्या जोडीला दंडाचा घेरही बघतात. अंगणवाडी सेविका वापरतात तीच पट्टी, ११.५ सेंमीच्या खाली लाल. शहरातल्या गुटगुटीत मुलांचं उलटं होतं, तिथे टेप कमी दाखवते.

या सगळ्यापेक्षा मला आईचा आकडा जास्त भरवशाचा वाटतो. "परवाच अंगणवाडीत केलं, बारा आठशे" असं कुणी सांगितलं की टेप बाजूलाच राहते. वडिलांना विचारलं तर बहुधा "असेल पंधरा-वीस" असं येतं, माफ करा, पण येतं! त्यामुळे भाच्याचं शेवटचं वजन आणि तारीख घरातल्या दोघातिघांच्या मोबाईलमध्ये असू द्या. घरी काटा असेल तर त्याला कडेवर घेऊन उभं राहा, मग एकट्याचं बघून वजा करा. तापाचं पॅरासिटामॉलही त्याच आकड्यावर द्यायचं, किलोमागे १५ मिग्रॅ. बाटलीवर नीट बघा मात्र. थेंबांच्या बाटलीत १ मिलीत १०० मिग्रॅ असतं, साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२०-१२५. चमच्याने थेंबांचं औषध पाजलेली मुलं आमच्याकडे येतात.

विंचू आणि सापाचंही विचारलंय. विंचवाला प्राझोसिन वजनावरच, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी हे औषध रुळवलं, कोकणात सगळ्यांना माहीत आहे. सापाच्या लसीला मात्र वजन विचारत नाहीत. पोर लहान म्हणून साप विष कमी सोडत नाही, म्हणून मोठ्या माणसाला जितक्या व्हायल, तितक्याच मुलालाही. तिथे कुणी "लहान आहे, निम्मी द्या" म्हणालं तर ऐकू नका.