‘दिलंच पाहिजे’मधला ‘च’

“फोन हातातून सुटतच नाही हो.” माझ्याकडे समुपदेशनासाठी महिन्यातून पाच-सहा जण तरी हेच गाऱ्हाणं घेऊन येतात. पूर्वी आया मुलांबद्दल सांगायच्या, आता स्वतःबद्दल सांगतात. येण्याआधी उपायही करून झालेले असतात. फेसबुक काढून टाकलं, चौथ्या दिवशी परत घेतलं. स्क्रीन काळीपांढरी केली, नातवाचा फोटो बघायला रंगीत केली ती तशीच राहिली. वेळेची मर्यादा घातली, ती संपली की स्वतःच वाढवली. कुलूप लावायचं आणि किल्ली कमरेला ठेवायची, असा तो प्रकार.

एका प्राथमिक शिक्षिकेची गोष्ट सांगतो (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत). वय ४६. पोळ्या लाटताना ओट्यावर फोन, रात्री दोनदा उठून फोन. “मला व्यसन लागलंय का, सर?”

या शब्दाची मला घाई नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, स्मार्टफोनचा नाही. शिवाय दारूसारखा फोन सोडूनही चालत नाही. ओटीपी, यूपीआय, शाळेची माहिती, सगळं त्यातच.

“दिवसातून किती वेळा उघडता?”

“वीस-पंचवीस.”

सेटिंग्जमधल्या ‘डिजिटल वेलबीइंग’मध्ये अनलॉकचा आकडा पाहिला : १४३. मी तासांपेक्षा याच आकड्याकडे बघतो. सलग तीन तास सिनेमा बघणाऱ्याचं दुखणं वेगळं आणि मिनिटा-मिनिटासाठी १४३ वेळा डोकावणाऱ्याचं वेगळं.

एक छोटी वही ठेवायला सांगितली. फोन उघडण्याआधी एकच शब्द लिहायचा : काम, कंटाळा किंवा धास्ती. सकाळी ८ ते १० आणि रात्री ८ ते १० एवढंच; दिवसभर कुणालाच जमत नाही. आणि आधीच लिहायचं. नंतर आठवून लिहिलं की सगळ्याचं ‘काम’ होतं.

पुढच्या भेटीत वहीभर ‘धास्ती’. फोनमध्ये व्हॉट्सॲपचे १९ ग्रुप, त्यातल्या एकावर शाळांकडून माहिती मागवली जाते आणि प्रत्येक निरोपात ‘तात्काळ’ असतं. (शुद्ध शब्द तत्काळ, पण घाईत कोण बघतो!)

“उशीर झाला तर?”

“लगेच दिलंच पाहिजे ना उत्तर. माहिती न दिलेल्या शाळांची यादी टाकतात ग्रुपवर.”

“आली यादीत शाळा. मग?”

“सगळे म्हणतील, बाईंना काम नको.”

“म्हटलं तर?”

बाई गप्प. तेवढ्यात टेबलावर पालथा ठेवलेला फोन थरथरला. हात गेलाच. म्हटलं, “दहा मिनिटं थांबू. जीव किती घाबरा होतोय ते दर दोन मिनिटांनी सांगा, दहापैकी.” आठ. नऊ. फोन पुन्हा थरथरला. पदराचं टोक मुठीत घट्ट. परत नऊ. मी काही समजावलं नाही, समजावणं इथे आडवं येतं. मग सहा. मग तीन, आणि पदर सुटला. फोन उघडला तर खरंच ‘तात्काळ’ होतं : शाळेत पंखे किती. मुदत परवाची.

“पंख्यांपायी मी रोज भाजी करपवते,” म्हणून हसल्या.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून जे मांडलं ते हेच, की माणूस इच्छेचा हट्ट करतो आणि त्यानं घाबरतो. मराठीत तो हट्ट एका अक्षरात मावतो. “‘दिलंच पाहिजे’मधला ‘च’ काढा आणि पुढे वेळ घाला.” बाईंनी दोनदा म्हणून पाहिलं : उत्तर दिलं पाहिजे, चार वाजता. हे वाक्य सुटल्याशिवाय केलेली सेटिंग आठवडाभरही टिकत नाही, हा माझा अनुभव.

सेटिंगला हात त्यानंतरच लावला. १७ ग्रुप म्यूट आणि आर्काइव्ह. म्यूट करताना ‘८ तास’ किंवा ‘१ आठवडा’ निवडलं की दुखणं परत येतं, ‘कायमचं’ निवडायचं. उरलेले दोन ग्रुप बघायच्या वेळा ठरल्या : शाळा भरण्याआधी, मधल्या सुट्टीत, चार वाजता, रात्री आठला. मुख्याध्यापकांना सांगून ठेवलं की खरंच निकड असेल तर फोन करा. ही पायरी लोक गाळतात. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास फोन-टीव्ही बंद ठेवायला सुरुवात केली, त्यातली खुबी हीच : सगळ्यांना ठाऊक आहे म्हटल्यावर कुणी कुणाच्या उत्तराची वाट बघत नाही.

चार्जर स्वयंपाकघरात गेला, उशाशी गजराचं घड्याळ आलं. “रात्री आईला काही झालं तर?” ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये निवडक नंबर वाजू देता येतात, दुसऱ्यांदा फोन करणाऱ्यांची सोय चालू ठेवली, तर अँड्रॉइडवर त्याच नंबरचा १५ मिनिटांत आलेला दुसरा फोनही वाजतो. पहिले काही दिवस फोन न थरथरताच थरथरल्यासारखा वाटतो. ते आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर माणूस घाबरून पहिल्या पदावर येतो.

पाचव्या आठवड्यात आकडा ५८ वर आला. एका रविवारी मात्र ११२ : भाचीचा साखरपुडा, फोटो. मी वही मागितली. त्या रविवारी ‘धास्ती’ एकदाच लिहिलेली होती, आणि तीही खोडून पुढे ‘हौस’ असा चौथाच शब्द घातला होता.