वाचक विचारतात: ५८ चं ६० करा की ६४ नको?

ताई, मी साताऱ्याला सरकारी ऑफिसात क्लार्क आहे. आमची संघटना किती वर्षं झाली ओरडतेय, रिटायरमेंट ५८ चं ६० करा. आणि तिकडे फ्रान्समध्ये ६२ चं ६४ केलं तर लोक रस्त्यावर! एवढे आळशी आहेत का हो ते?
– एक वाचक, सातारा

आळशी नाहीत हो दादा. आपल्याकडे एमपीएससी देता देता तिशी येते, मग पोरांची शिक्षणं, होम लोन, हे सगळं ५८ च्या आत बसतच नाही, त्यात नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या बऱ्याच जणांना जुनी पेन्शन नाही, म्हणजे दोन वर्षं पगार जास्त मिळाला तर कुणाला नकोय. तिकडचं गणित उलटं. पॅरिसचे कचरा उचलणारे ५७ ला सुटायचे, त्यांचं ५९ होणार म्हटल्यावर मार्च २०२३ मध्ये संप झाला आणि फुटपाथवर कचऱ्याचे ढीग लागले. पहाटे गाडीमागे लटकून डबे उचलणाऱ्याला ती दोन वर्षं म्हणजे काय, ते आपल्यासारख्या खुर्चीवाल्यांना नाही कळायचं. वर सरकारने शेवटचं मतदान न घेता घटनेतलं ४९.३ कलम वापरून कायदा रेटला, राग त्याचाही होता. शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये ती वाढ २०२८ पर्यंत थांबवली. डेन्मार्कने तर २०२५ मध्येच कायदा केला की २०४० पासून ७०, तिथल्या कामगार संघटना पण चिडल्याच.

मी चाकणला एका प्लांटमध्ये लाईनवर आहे, वय ४७, गुडघे आत्ताच बोलायला लागलेत. जर्मनीत म्हणे ६७ पर्यंत काम करतात. लाईनवर उभं राहून?
– एक कामगार, चाकण

तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण पेपरात सगळे आकड्यावर भांडतात आणि हे कुणी विचारतच नाही. बव्हेरियात डिंगोल्फिंगला बीएमडब्ल्यूचा प्लांट आहे. २००७ मध्ये त्यांनी हिशोब केला की दहा वर्षांनी आपल्या कामगारांचं सरासरी वय ३९ वरून ४७ होणार, मग आत्ताच एक लाईन तशीच चालवून बघू. गिअरबॉक्सच्या लाईनवर सरासरी ४७ वयाची ४२ माणसं लावली, बाकीच्यांनी लगेच तिला पेन्शनरांची लाईन म्हणून चिडवायला सुरुवात केली (हे सगळीकडे सारखंच!). मग काय केलं, तर कामगारांनाच विचारलं, बाबांनो कुठे दुखतं? सिमेंटच्या जागी लाकडी फ्लोअर टाकलं, न्हाव्याकडे असते तसली खुर्ची दिली म्हणजे काही कामं बसून होतील, बारीक पार्ट बघायला भिंग, स्क्रीनवर मोठी अक्षरं, शिफ्टमध्ये जागा बदलून काम, म्हणजे दिवसभर एकच गुडघा मरत नाही. असे बारीकसारीक ७० बदल आणि खर्च किती, तर बदलांना आणि मीटिंगमधल्या वेळेला धरून ४० हजार युरोच्या आसपास. कारखान्याच्या हिशोबात हा चहापाण्याचा खर्च. वर्षभरात लाईनचं प्रॉडक्शन ७ टक्के वाढलं आणि दांड्या कमी झाल्या. पण सगळे प्लांट असे नाहीत, जर्मनीतही पाठ गेलेले छप्परवाले आणि नर्सेस ६७ च्या खूप आधीच बाहेर पडतात आणि पेन्शन कापून घेतात. तुमच्या युनियनच्या पुढच्या मीटिंगला फ्लोअर आणि खुर्चीचा विषय काढा, पगारवाढीपेक्षा लवकर मिळेल.

जन्म १९६६, पुण्यात दहा वर्षं नोकरी करून २००१ ला जर्मनीने आयटीवाल्यांसाठी काढलेल्या ग्रीन कार्डवर म्युनिकला आलो. जर्मन कलीग ६३ ला निघू म्हणतात. मला जमेल?
– एक वाचक, म्युनिक

जमेल, पण कापून. १९६४ आणि नंतर जन्मलेल्यांचं वय ६७. पेन्शनच्या हिशोबात धरली जाणारी ३५ वर्षं भरली असतील तर ६३ ला निघता येतं, पण दर महिन्याला ०.३ टक्के कट, चार वर्षांचे १४.४ टक्के, आणि तो कट मरेपर्यंत राहतो. न कापता लवकर हवं तर ४५ वर्षं पाहिजेत, आणि तुमच्या बॅचला तेही ६५ लाच, लोक अजून सवयीने त्याला ६३ ची पेन्शन म्हणतात. भारत-जर्मनी करार १ मे २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे पुण्यातली पीएफ-पेन्शनची वर्षं ३५ मध्ये धरता येतात, युरो मात्र फक्त जर्मनीतल्या वर्षांवर मोजणार, इथेच बरेच जण फसतात. आणि एक गंमत, २०२३ पासून लवकर पेन्शन घेऊनही पूर्ण पगाराची नोकरी करता येते, कमाईला लिमिट नाही. ६७ नंतरही पेन्शन न घेता थांबलात तर दर महिन्याला ०.५ टक्के वाढ. पेन्शन ऑफिसचा सल्ला फुकट असतो, जाताना पुण्याचे पीएफचे कागद घेऊन जा, आणि ते भावाकडच्या माळ्यावर असतील तर आजच फोन करा त्याला.