हॅम्बुर्गहून मोटरहोमने नॉर्वे: फेरीचा कोणता मार्ग घ्यावा?

तुमचा प्रश्न असा आहे: मेच्या शेवटी नाशिकहून पाच जण निघणार (तुम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई), हॅम्बुर्गला मोटरहोम भाड्याने घेणार, १६ दिवसांत नॉर्वेचा पश्चिम किनारा बघून शाळा उघडायच्या आत परत. सासूबाईंना बोट लागते. स्वस्त मार्ग कोणता, आणि जमल्यास येताना इंग्लंड जोडता येईल का?

माझं मत: जाताना हिर्ट्सहाल्स (डेन्मार्क) ते क्रिस्टियानसान (नॉर्वे), येताना ऑस्लो ते कील (जर्मनी). इंग्लंड सोडून द्या. बर्गेन ते न्यूकॅसल ही प्रवासी फेरी २००८ मध्येच बंद झाली, जुन्या नकाशांवर ती अजून दिसते एवढंच. आता नेदरलँड्समधून जावं लागेल, वर ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि परत युरोपात शिरायला शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) मल्टिपल एंट्री व्हिसा हवा. १६ दिवसांत हा खटाटोप परवडत नाही.

आता मार्ग. जर्मनीतून नॉर्वेत गाडी न्यायच्या वाटा बऱ्याच आहेत, पण हॅम्बुर्गहून निघणाऱ्याच्या कामाच्या चारच. पहिली, पूर्ण रस्त्याने: डेन्मार्कमधला ग्रेट बेल्टचा १८ किलोमीटरचा पूल, मग ओरेसुंडचा पूल, मग स्वीडन. ऑस्लोपर्यंत हजाराच्या वर किलोमीटर होतात. दुसरी, छोट्या उड्यांची: पुटगार्डन (जर्मनी) ते रोडबी (डेन्मार्क) ४५ मिनिटं, पुढे हेल्सिंगोर (डेन्मार्क) ते हेल्सिंगबोर्ग (स्वीडन) २० मिनिटं. पहिल्या टप्प्याने कोपनहेगनचं अंतर दीडशेच्या आसपास किलोमीटरने कमी होतं, पण ऑस्लो तरीही नऊशेच्या आसपास राहतं. तिसरी, हॅम्बुर्गहून सरळ उत्तरेला सुमारे ५०० किलोमीटर डेन्मार्कच्या टोकाला हिर्ट्सहाल्सला जायचं आणि तिथून सव्वातीन तासांत क्रिस्टियानसान. चौथी, कील. हॅम्बुर्गपासून शंभर किलोमीटरही नाही. दुपारी दोनला बोट सुटते, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ऑस्लो.

नुसते तिकिटाचे आकडे शेजारी ठेवले तर कील–ऑस्लो सगळ्यात महाग दिसतं आणि लोक तिथेच पान बंद करतात. हा हिशेब अर्धवट आहे. पाच जणांची मोटरहोम १०० किलोमीटरला १० ते १२ लिटर डिझेल पिते. रस्त्याने हजार किलोमीटर म्हणजे शंभरावर लिटर, त्यात दोन्ही पुलांचा टोल (दोन्हीकडे ६ मीटरवरच्या गाडीला जास्त), वाटेत किमान एका रात्रीचं कॅम्पसाइट आणि गाडीच्या भाड्याचे दोन दिवस नुसते चाकांवर गेले. कीलच्या तिकिटात रात्रीची केबिन येते, ती त्या मार्गावर सक्तीचीच आहे, आणि चालवणाऱ्याला झोप मिळते. हे सगळं मांडल्यावर फरक बराच आटतो.

मग जातानाही कील का नाही? कारण तुम्हाला पश्चिम किनारा बघायचाय आणि ऑस्लो पूर्वेला आहे. क्रिस्टियानसानला उतरलात की स्टाव्हांगर साधारण २३५ किलोमीटर, तिथून ई-३९ महामार्गाने बर्गेन, मग फ्योर्ड (डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या खाड्या) बघत ऑस्लो आणि बोट. एकच रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही. हिर्ट्सहाल्सहून थेट बर्गेनलाही बोट जाते, स्टाव्हांगरमार्गे, रात्र धरून सोळा-साडेसोळा तास. पण तो बराचसा खुला उत्तर समुद्र आहे, सासूबाईंना घेऊन नको.

बोट लागण्याचा विचार तासांपेक्षा पाण्यावरून करा. कील–ऑस्लो २० तासांची असली तरी सुरुवातीचा मोठा भाग डेन्मार्कच्या बेटांच्या आडोशाने जातो (संध्याकाळी ती ग्रेट बेल्टच्या पुलाखालून जाते, मुलांना डेकवर न्या). जहाज प्रचंड आहे, आणि आडवं पडायला केबिन आहे. हिर्ट्सहाल्सची सव्वातीन तासांची फेरी उघड्या स्कागेराकमधून (डेन्मार्क आणि नॉर्वेच्या मधला समुद्र) जाते, पश्चिमेचा वारा असला की हलते. तिथे उन्हाळ्यात सव्वादोन तासांची वेगवान कॅटामरानही (दोन तळांची हलकी बोट) असते. वेळ वाचतो म्हणून मोह होईल, पण लाटा वाढल्या की रद्द होण्यात पहिला नंबर हिचा आणि पोट ढवळण्यातही. मोठी बोटच घ्या. बसायची जागा जहाजाच्या मध्यावर, शक्य तितक्या खालच्या मजल्यावर. गोळी (आपली नेहमीची अ‍ॅव्होमिन) निघण्याआधी तास-दीड तास घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग नसतो. तिने गुंगी येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने घ्यायची नाही. सासूबाईंना काचबिंदू असेल किंवा इतर औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

सगळ्यात जास्त पैसे जातात ते गाडीच्या मापात. फेरीचं भाडं लांबी आणि उंचीच्या टप्प्यांवर ठरतं: ६ मीटरपर्यंत, ७ पर्यंत, ८ पर्यंत, असं. पाच जण झोपू शकतील अशी गाडी बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली, म्हणजे अल्कोव्ह प्रकारची असते. लांबी साडेसहा ते सव्वासात मीटर, उंची तीन मीटरच्या वर. भाड्याच्या कंपनीच्या जाहिरातीत ‘६.९९ मीटर’ लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘किंवा तत्सम’. ऐनवेळी मिळणारी गाडी ७.२० ची असू शकते. मागे सायकल स्टँड असेल आणि त्यावर सायकली चढवल्या तर आणखी अर्ध्या मीटरहून जास्त. जर्मन आरसीवर रकाना १८ मध्ये लांबी, १९ मध्ये रुंदी आणि २० मध्ये उंची मिलिमीटरमध्ये असते, पण ती कारखान्यातून निघालेल्या गाडीची. नंतर लावलेला स्टँड, छतावरचा एसी किंवा डिश त्यात धरलेली असेलच असं नाही. बंदरात मोजतात ती उभी आहे ती गाडी. कमी माप सांगितलं असेल तर फरक भरावा लागतो, आणि उंच गाड्यांच्या डेकवर जागा नसेल तर पुढच्या बोटीवर ढकलतात. म्हणून कंपनीला ईमेल करून त्या वर्गातल्या सगळ्यात लांब आणि उंच गाडीचं माप लेखी मागा आणि तेच भरा. सायकल स्टँड नको असेल तर काढून द्यायला सांगा, कधी कधी तेवढ्याने एक टप्पा वाचतो. गाडीचा नंबर बुकिंगच्या वेळी माहीत नसतो. तो नंतर बदलता येतो ना, हे फेरी कंपनीकडे पैसे भरण्याआधी बघून घ्या.

ज्या दिवशी गाडी ताब्यात घ्याल त्या दिवशीची फेरी काढू नका. चावी सहसा दुपारी मिळते, गाडी समजावून द्यायला तास-दीड तास लागतो, मग वाणसामान. हिर्ट्सहाल्सपर्यंतचे ५०० किलोमीटर मोटरहोमच्या वेगाने सात तासांचे धरा. वाटेत मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळची किंवा तिसऱ्या दिवशी सकाळची बोट, हे माप बरोबर बसतं. परतीलाही तसंच: गाडी बहुतेक ठिकाणी सकाळी परत करायची असते आणि बोट कीलला दहाला लागते, म्हणजे एक रात्र मध्ये ठेवावीच लागते. सांडपाण्याची टाकी रिकामी करणं आणि साफसफाई त्याच संध्याकाळी उरकता येते.

बोटीत शिरताना गॅस आणि फ्रिज सांभाळायचे. बाहेरच्या कप्प्यात सहसा ११ किलोचे दोन सिलिंडर असतात, दोन्हींचे व्हॉल्व्ह हाताने बंद करायचे, नुसतं शेगडीचं बटण नाही. मोटरहोमचा फ्रिज बहुधा तिन्हींवर चालतो: गॅस, घरची वीज आणि १२ व्होल्ट. तो ‘ऑटो’वर असेल तर इंजिन बंद झाल्यावर साधारण पंधरा मिनिटांनी आपोआप गॅसवर जायला बघतो. डेकवर गॅसची ज्योत पेटणं म्हणजे गंभीर गोष्ट, आणि व्हॉल्व्ह बंद असेल तर टकटक करून शेवटी एरर देऊन पिपाणी वाजवत बसतो. म्हणून रांगेत असतानाच तो पूर्ण बंद करा. १२ व्होल्टवरही ठेवू नका, इंजिन बंद असताना बॅटरी उतरते. दार न उघडता तो सहा ते आठ तास बऱ्यापैकी गार राहतो. हिर्ट्सहाल्सला काही अडचण नाही, पण कीलच्या बोटीआधी दूध-दही संपवा.

चढताना रॅम्पच्या सांध्यावर गाडीचं मागचं लांब शेपूट घासतं. अगदी हळू जा, पुढच्या गाडीला पूर्ण वर जाऊ द्या, आणि दारापाशी बाहेर येणारी इलेक्ट्रिक पायरी आत गेलीय का बघा. आत हँडब्रेक ओढून पहिला गिअर टाका. हीटर बंद. अलार्ममध्ये आतल्या हालचालीचा सेन्सर असतो, तो बंद ठेवा, नाहीतर जहाज डुललं की गाडी ओरडते. एकदा डेक बंद झाला की उतरेपर्यंत गाडीत जाता येत नाही. औषधं, स्वेटर, चार्जर, सासूबाईंच्या दशम्या-चिवडा, सगळं आधीच एका पिशवीत काढा आणि डेकचा नंबर व जिन्याचा रंग यांचा फोटो घ्या.

खाण्यावरून आठवलं: भारतातून युरोपात दूध-मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. त्यात साजूक तूप आणि पेढेही आले. हॅम्बुर्गला बटर घेऊन कढवा. आणि नॉर्वेत शिरताना बटाटे नको! युरोपातून फळं-भाज्या माणशी १० किलोपर्यंत चालतात, बटाटा मात्र चालत नाही.

नॉर्वेच्या आतल्या फेऱ्यांची काळजी करू नका. त्या दाभोळ–धोपावेच्या फेरीसारख्याच: बुकिंग नाही, रांगेत उभं राहायचं, आली की चढायचं. स्टाव्हांगर–बर्गेनमध्ये अशा दोन लागतात, मोर्टाव्हिका–आर्सवोगन २५ मिनिटांची आणि सांडविकवोग–हाल्येम ४५ मिनिटांची. भाडं इथेही लांबीवर, नंबरप्लेटवरून कापलं जातं आणि बिल भाड्याच्या कंपनीकडे जातं. ती प्रत्येक बिलामागे हाताळणी शुल्क लावते का ते आधीच विचारा, खरा खर्च कधी कधी तिथे असतो. बर्गेनच्या पुढे उत्तरेला गेलात तर लाविक–ओप्पेडाल लागेल. बॅटरीवर चालणारी जगातली पहिली मोटार फेरी, अ‍ॅम्पिअर, २०१५ मध्ये याच मार्गावर सुरू झाली. गायरांगर–हेलेसिल्ट ही तासाभराची फेरी पर्यटकांची आहे, तिचं मात्र आधी आरक्षण करा. उत्तरेकडची लोफोटेन बेटं या खेपेला नको, तिथली बोट जिथून सुटते ते बोडोच ऑस्लोहून जवळपास १२०० किलोमीटर आहे.

तारखांबद्दल: ईस्टरनंतर ३९ दिवसांनी येणारा गुरुवार आणि ५० दिवसांनी येणारा सोमवार या जर्मनी, डेन्मार्क आणि नॉर्वे तिन्हीकडे सुट्ट्या आहेत, आणि त्या मे-जूनच्या आसपासच पडतात. त्या आठवड्यांत बोटी भरतात, भाडं वाढतं. मंगळवार-बुधवार बघा. पाच जणांची केबिन मिळाली नाही तर दोन शेजारच्या मागा. आणि मेअखेरीस उंचावरचे काही घाट बर्फाने बंद असू शकतात, म्हणून बर्गेन–ऑस्लो टप्प्यात एक दिवस सैल ठेवा.

कामाचा क्रम असा लावा. आधी गाडी, तिच्या करारात फेरी आणि नॉर्वे दोन्हींना परवानगी आहे हे वाचून. मग फेरी, पण बदलता किंवा रद्द करता येणाऱ्या दराची, थोडी महाग असली तरी. मग व्हिसा: सगळा प्रवास शेंगेनमध्येच असल्याने एकच पुरतो, अर्ज जिथे सर्वात जास्त रात्री त्या देशाकडे, म्हणजे तुमच्या आखणीत नॉर्वेकडे, आणि बोटांचे ठसे द्यायला बारा वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना मुंबईची फेरी. फेरीची तिकिटं अर्जाला जोडायला उपयोगी पडतात. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना पेठ रोडच्या आरटीओतून निघतो, एक वर्ष चालतो, तो निघायच्या महिना-दीड महिना आधी काढा. दोघंही चालवणार असाल तर दोघांचा काढा, आणि गाडीच्या करारात दुसऱ्या चालकाचं नाव घातलंय का ते तपासा. व्हिसा हातात आला की मगच फेरीचं तिकीट स्वस्त, न बदलणाऱ्या दरात वळवायचं का ते ठरवा. तेव्हा भाडं वर गेलं असेल तर आहे तेच राहू द्या.